वाहनपूजेआधीची उत्तरपूजा

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी पंचांग न पाहता नव्या कार्याचा आरंभ करावा, अशी आपली परंपरा आहे. आणि गेल्या काही दशकांत या नव्या कार्यांमध्ये वाहनखरेदीने अग्रस्थान पटकावले आहे. दसऱ्याच्या सकाळी धरमपेठेतून गोकुळपेठ बाजाराकडे जाऊन पाहावे. एकीकडे झेंडूच्या राशी, दुसरीकडे आपट्याच्या डहाळ्यांचे भारे, आणि त्यांमधून वाट काढीत हार घातलेल्या कोऱ्या गाड्या टेकडीच्या गणपतीकडे निघालेल्या. नव्या वाहनाची पूजा कशी करावी, नारळ कोठे वाढवावा, लिंबू कोणत्या चाकाखाली ठेवावे, हे आम्हांस दरवर्षी विचारले जाते आणि आम्हीही यथामती सांगतो. परंतु ज्या जुन्या गाडीच्या बदल्यात ही नवी दारी येते, तिची पाठवणी कशी करावी, हे आजवर कोणी विचारलेले नाही. आम्हीही त्याचा कधी विचार केला नव्हता. २०२४ च्या दसऱ्याला तो प्रसंग आमच्यावरच आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वास्तव्य रामटेकचे. गडाच्या पायथ्याशी वडिलोपार्जित घर, आणि घरासमोरचा बोळ असा की दोन गायी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागते. म्हणून कीर्तनाच्या फिरस्तीची आमची गाडी बारा वर्षे धरमपेठेत, आमच्या पुतण्याच्या अंगणात उभी असे. ही गाडी आमची म्हणायची ती केवळ कागदावर. २०१२ च्या दसऱ्याला ती घेतली तेव्हा धरमपेठ, रामनगर आणि गोकुळपेठ येथील तीसेक घरांनी यथाशक्ती भर घातली होती. कोणी एकवीस हजार दिले, कोणी पाचशे. उरलेली रक्कम कर्जाची. मंडळाची रीतसर नोंदणी नव्हती, त्यामुळे नोंदणीपुस्तकावर नाव आमचे लागले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यावरूनच सारा पेच पडला.

गाडी बारा आसनांची, बंद पेटीसारखी. मागची दोन बाके काढून तेथे फळ्यांची शेज केली होती. शेजेखाली पेटी, तबला-डग्गा आणि टाळ. वर दोन माणसे पाठ टेकतील इतकी जागा. दाराशेजारी पाण्याचा पिंप, ताटल्यांची फळी आणि एक स्टोव्ह. माहूरगड, कारंजा, शेगाव, कौंडण्यपूर, आणि आषाढीला पंढरपूर, असा तिचा वार्षिक क्रम. धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तर मुक्काम गाडीतच. पाश्चात्त्य देशांत लोक अशा घरगाड्या घेऊन सुट्टीत हिंडतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आमच्या गाडीला एवढे भारदस्त नाव कोणी दिले नाही. आळीतली मुले तिला ‘बुवांचा रथ’ म्हणत.

२०२४ च्या पावसाळ्यात या रथाचा धूर वाढला, आणि आमचे गुडघे तिची उंच पायरी मान्य करीनात. नवी, ठेंगणी, आठ आसनांची गाडी ठरली. विक्रेता म्हणाला, “जुनी आम्हीच घेतो, तिची किंमत नवीच्या रकमेतून वजा करू.” याला आता सर्वत्र एक्सचेंज म्हणतात. शब्द नवा असला तरी व्यवहार जुनाच. थकलेला बैल देऊन, वर पैसे मोजून, तरणा बैल घेण्याचा व्यवहार आमच्या आजोबांनी बैलबाजारात कितीदा तरी केला असेल. फरक इतकाच की बैलाचे दात पाहिले जात आणि येथे चाकाचे.

दसऱ्याच्या गर्दीत जुन्या गाडीला भाव मिळत नाही, असे जाणत्यांनी सांगितले. म्हणून तयारी पितृपक्षातच आरंभिली. यावर घरातील ज्येष्ठ मंडळींनी कुरकुर केली. आमचे मत स्पष्ट आहे. पितृपक्षात नवी वस्तू घरी आणू नये असा शिष्टाचार आहे, तो पाळावा. पण जुनी वस्तू धुऊन-पुसून ठेवण्यास कोणत्याही ग्रंथाचा आक्षेप नाही.

देव उतरवताना

पहिला प्रश्न देवांचा. चालकापुढील फळीवर गणपतीची बोटभर मूर्ती डिंकाने चिकटवलेली, आरशाखाली विठ्ठल-रुक्मिणीची तसबीर, सुकाणूच्या दांड्याला गुंडाळलेला माहूरचा लाल दोरा, आणि हातकप्प्यात पहिल्या दसऱ्याची आपट्याची पाने, आता केवळ शिरा उरलेली. पुष्कळ घरांतून गाडी देताना हे सारे तसेच जाते, किंवा ऐनवेळी विक्रेत्याच्या अंगणात ओरबाडून काढले जाते. दोन्ही प्रकार आम्हांस अनुचित वाटतात. अशा मूर्तींची प्राणप्रतिष्ठा केलेली नसते, त्यामुळे शास्त्रोक्त उद्वासनाची गरज नाही. तरी बारा वर्षे ज्याला नमस्कार करून किल्ली फिरवली, त्याला दोन अक्षता वाहून, पुनरागमनाची प्रार्थना करून घरी न्यावे, यात वेळ तो किती जातो? आमच्या पुतण्याच्या सूनबाईंनी गरम पाण्याच्या फडक्याने डिंक भिजवला आणि गणपती अलगद हाती आला. त्याच्या पाठीमागे फळीचा मूळचा काळा रंग टिकून होता. भोवतीचा सारा भाग उन्हाने करडा पडलेला.

पूजेच्या खुणा काढणे मात्र त्याहून कठीण. सुकाणूवर कुंकवाचे थर, समोरच्या काचेच्या कडेला कापराची काजळी, आणि दर दसऱ्याला जेथे नारळ वाढवला त्या पुढच्या पट्टीवर गंजाचे चट्टे. कुंकवावर आधी गोडेतेलाचा बोळा फिरवावा, मग साबणाचे पाणी; थेट पाणी लावले तर लाल रंग आणखी पसरतो. जाता जाता वाहनपूजकांना एक विनंती: नारळ जमिनीवर, दगडावर वाढवावा, आणि त्याचे पाणी चाकापुढे शिंपडावे. पत्र्यावर नारळ आपटून देव अधिक प्रसन्न होतो, असे आमच्या वाचनात कोठेही आलेले नाही.

शेज, बाके आणि कागद

गाडी जशी नोंदली गेली, तशी ती परत द्यावी लागते. नोंदणीपुस्तकावर आसने बारा आणि आत शेज, असे चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम परवानगीवाचून केलेल्या फेरबदलांना मज्जाव करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये त्यावर कडक शब्दांत निर्णय दिला आहे. आम्ही बारा वर्षे हा अपराध भक्तिभावाने करीत होतो, हे मान्य करणे भाग आहे. मूळची बाके गच्चीवर ताडपत्रीखाली होती. ताडपत्री काढली तेव्हा एका बाकाच्या कापसात उंदरांचा संसार निघाला. सुताराने फळ्या उतरवल्या, मिस्त्रींनी बाके पुन्हा बसवली, गादीवाल्याने एका बाकाचा कापूस बदलला.

शेजेखालून काय काय निघाले! टाळांची एक वाटी, अबिराची डबी, सात निरनिराळ्या चपलांपैकी प्रत्येकी एक, कारंजाच्या प्रसादाची पुडी, आणि अगदी कोपऱ्यात आमच्या गृहिणीचा अडकित्ता. तिला जाऊन त्या वेळी पाच वर्षे झाली होती. पंढरीच्या वाटेवर हरवला म्हणून तिने आम्हांस नवा आणायला लावला होता, आणि त्या नव्यावर ती कधीच संतुष्ट नव्हती. सुतार थांबला, आम्हीही थोडा वेळ ओट्यावर बसलो, आणि मग काम पुढे सुरू झाले.

कागदांविषयी थोडक्यात पण निक्षून सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत आपल्यासारख्या घरांत फार बेफिकिरी असते. आमचे कर्ज २०१७ मध्येच फिटले होते, परंतु नोंदणीपुस्तकावरील बोजा तसाच राहिला. कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्यावाचून तो उतरत नाही. त्या संस्थेची शाखा दरम्यान हलली होती, आणि पत्र मिळवायला आमच्या पुतण्याला चार खेपा घालाव्या लागल्या. मग विमा, प्रदूषण-प्रमाणपत्र, दोन्ही किल्ल्या, दुरुस्तीची वही. दंडाची थकलेली चलाने आधी भरावी. आमच्या नावे वेगमर्यादेचे एक निघाले, आणि त्या दिवशी कीर्तनाला उशीर झाल्याची आठवण सर्वांना झाली. पथकराचा फास्टॅग गाडी देण्याच्या दिवशी बंद करावा, नाहीतर दुसऱ्याच्या प्रवासाचे पैसे आपल्या खात्यातून जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुना २९ आणि ३०, अर्थात मालकी-हस्तांतराचे. “सही करून दिली, गाडी गेली, आपण सुटलो,” असे समजू नये. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अपघाताच्या भरपाईचा प्रश्न येतो तेव्हा नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. त्या खटल्यातील गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, तरी जबाबदारी पहिल्या नोंदलेल्या नावावर आली. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गाडी अशा विक्रेत्याच्या हवाली केल्याची सूचना परिवहन खात्याकडे नोंदवली की तिचा भार त्याच्यावर जातो. सूचना नोंदवली की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. आणि गाडी पंधरा वर्षांपलीकडची, थकलेली असेल तर अदलाबदलीच्या भरीस न पडता नोंदणीकृत मोडणी केंद्राचाही विचार करावा. तेथे मिळणाऱ्या ठेव-प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

पाणी प्यालेली गाडी

येथवर पूर्वरंग झाला. आता मूळ विषय.

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. आम्ही धरमपेठेतच होतो. पुतण्याच्या घरी सोळा भाज्यांचा नैवेद्य, रात्री आरती, मग विडे. मध्यरात्रीनंतर पावसाने जो जोर धरला, तो अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले, आणि तलावाखालच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. शहरात जीवितहानी झाली, लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. आमच्या आळीत त्या मानाने थोडक्यात निभावले. महालक्ष्म्यांचे मुखवटे सूनबाईंनी माडीवर नेले. पहाटे खिडकीतून पाहिले तर रथ अंगणात दाराच्या अर्ध्यापर्यंत पाण्यात उभा, आणि पाण्यावर आदल्या रात्रीच्या केळीच्या पानांचे तुकडे तरंगत होते.

आमच्या चालकाने एक शहाणपण केले. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवली नाही. पाणी शिरलेले इंजिन चालू केले तर पाणी दाबले जात नाही, आतले दांडेच वाकतात. ही गोष्ट प्रत्येक घरात ठाऊक असावी. गाडी ओढून मिस्त्रींकडे नेली. तेल बदलले, गाळण्या बदलल्या, आसने उन्हात वाळवली, पुढच्या दिव्यांच्या तारांचा एक जुडगा नवा घातला. विमा केवळ तृतीय पक्षाचा होता, त्यामुळे भरपाईचा दावा नाही आणि दाव्याची नोंदही नाही. म्हणजे ती गाडी पाण्यात उभी होती, हे सांगणारा एकही सरकारी कागद जगात नव्हता.

पण मिस्त्रींनी तेव्हाच बजावले होते, “महाराज, पानी पेलेली गाडी हाय. वरून किती बी पुसा, वायरिंगमंदी ते बसलंच हाये.” त्याच वर्षी कार्तिकी एकादशीचे कीर्तन आटोपून धापेवाड्याहून परतताना, कळमेश्वरच्या अलीकडे, पुढचे दोन्ही दिवे एकाएकी गेले. अमावास्येसारखा अंधार, समोरून ऊस भरलेली ट्रॉली, आणि आत आम्ही नऊ जण. चालकाने गाडी मातीत उतरवली म्हणून आज हा लेख लिहीत आहोत. पुन्हा तारा बदलल्या. त्यानंतर दिवे गेले नाहीत. पण जातील किंवा जाणार नाहीत, याची हमी कोणी देऊ शकला नाही.

पितृपक्षात विक्रेत्याचा पारखी आला. तरुण, विनयशील मुलगा. त्याने चाकांच्या खाचा पाहिल्या, तेलाची कांडी पुसून पाहिली, दारांच्या फटी न्याहाळल्या, सांगाड्याचा क्रमांक ताडला, आळीत एक फेरी मारली. वीस मिनिटांत त्याने दोन लाख चाळीस हजारांचा आकडा सांगितला. सतरंजी उचलून पाहिली नाही. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला असता, तर त्यावर गाळाची फिकी रेघ त्याला दिसली असती. आतील पन्हाळीच्या नटांवर गंज होता, तोही राहिला.

त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन पक्ष झाले. पुतण्या वकिली करतो. तो म्हणाला, “काका, तुम्ही खोटे बोलला नाहीत. त्याने विचारले नाही, तुम्ही सांगितले नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ सूत्रच असे की घेणाऱ्याने सावध असावे. हा तर व्यापारी, रोज पन्नास गाड्या पारखणारा. आणि तुमचे स्मृतिकार तरी वेगळे काय सांगतात?” हा शेवटचा बाण वर्मी लागला. नारदस्मृतीत खरोखरच म्हटले आहे की, ग्राहकाने माल आधी स्वतः गुणदोषांसह पारखावा, आणि पारखून पसंत केलेला माल मग विकणाऱ्याकडे परत येत नाही. हे वचन आम्हीच कधीतरी त्याला शिकवले होते.

परंतु तीच नारदस्मृती सांगते की, निर्दोष वस्तू दाखवून सदोष देणाऱ्याने मूल्याच्या दुप्पट ग्राहकाला द्यावे आणि तितकाच दंड भरावा. याज्ञवल्क्यांनी तर पारखण्याची मुदतच घालून दिली आहे. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्या पशूला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. मुदत का वेगळी? कारण प्रत्येकाचा दोष उघड होण्यास निरनिराळा काळ लागतो. लोखंडाची चीर आज दिसते, बियाणे रुजले की नाही ते दहा दिवसांनी कळते. मग तारेत बसलेल्या पाण्याला किती दिवस द्यावेत? आम्हांस ते वीस मिनिटांत दिसले नसते. आम्हांस ते दोन महिन्यांनी, कळमेश्वरच्या अंधारात दिसले. मनूने विकण्यास अयोग्य म्हणून जे प्रकार सांगितले, त्यांत सदोष मालाबरोबर ‘तिरोहित’ असा एक शब्द आहे. तिरोहित म्हणजे झाकलेला. आम्ही सतरंजी धुऊन, वाळवून, उदबत्ती फिरवून पुन्हा अंथरली होती. ते स्वच्छ करणे होते की झाकणे, हा प्रश्न आम्हीच आम्हांला विचारला.

तुलाधाराचे आख्यान आम्ही चाळीस वर्षे लावीत आलो. जाजलि नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला तपाचा गर्व झाला, तेव्हा आकाशवाणी झाली की काशीचा वाणी तुलाधार तुझ्याहून श्रेष्ठ आहे. महाभारताच्या शांतिपर्वातला हा वाणी दुकान सोडून कोठे गेला नाही. त्याची तागडी सर्वांसाठी सारखी राही, इतकेच त्याचे तप. हे आख्यान सांगून आम्ही बिदागी घेतली आहे. त्या रात्री झोप आली नाही, हे कबूल करतो.

तरीही सांगून टाकणे सोपे नव्हते, आणि पुतण्याचा दुसरा युक्तिवाद पहिल्याहून खरा होता. तो म्हणाला, “तुमचे स्वतःचे पैसे असते तर मी एक शब्द बोललो नसतो. पण गाडी तीस घरांची. किंमत पडेल ती त्यांची पडेल. दुसऱ्याच्या पैशांनी सत्यवादी होणे सोपे असते, काका.” याला उत्तर कोणत्याही स्मृतीत सापडले नाही. म्हणून घटस्थापनेच्या संध्याकाळी, ३ ऑक्टोबरला, पुतण्याच्या ओसरीवर कीर्तनानंतर भर घालणाऱ्या घरांना थांबवून घेतले. एकवीस घरांची माणसे होती. जसे घडले तसे सांगितले.

सर्वांचे एकमत झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. एक गृहस्थ, ज्यांचा वाटा मोठा होता, स्पष्ट म्हणाले, “बुवा, तो व्यापारी नव्या गाडीत आपल्याकडून किती काढणार, हे त्याने सांगितले आहे काय? मग आपणच का सांगायचे?” दोघातिघांनी माना डोलावल्या. दुसरे एक जण म्हणाले, सांगा, पण पाणी फार नव्हते असे सांगा. मग मागच्या ओळीत बसलेल्या एका आजींनी विचारले, “धापेवाड्याहून येताना दिवे गेले, तेव्हा मी आत होते ना?” त्या होत्या. २०१२ मध्ये त्यांनी पाचशे रुपये दिले होते. त्या म्हणाल्या, “मग सांगा त्याला. माझे पाचशे त्यातच धरा.” त्यानंतर कोणी काही बोलले नाही. मोठ्या वाट्याचे गृहस्थ उठून गेले. कोजागिरीपर्यंत ते आमच्या कीर्तनाला आले नाहीत. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सोबत घेऊन विक्रेत्याकडे गेलो. पारखी मुलाला सांगितले, तर तो प्रथम हसला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. “बुवा, हे मला का सांगितले? आता मला लिहावे लागेल,” तो म्हणाला. “म्हणूनच सांगितले,” आम्ही म्हणालो. त्याने सतरंजी उचलली, पट्टा ओढला, मिस्त्रींशी बराच वेळ बोलला. आकडा एक लाख पंचाण्णव हजारांवर आला. पंचेचाळीस हजारांचा फटका. पुतण्याने खिडकीबाहेर पाहिले.

आम्ही एकच आग्रह धरला, की पाण्याची नोंद मूल्यमापनाच्या कागदावर तारखेसह व्हावी आणि त्याची प्रत आम्हांस मिळावी. ती मिळाली. ही नोंद पुढच्या ग्राहकापर्यंत पोचेल काय, असे विचारले, तेव्हा मुलाने खरे उत्तर दिले: अशा गाड्या दलालाकडे एकगठ्ठा जातात, पुढचे त्याच्या हाती नाही. मग मिस्त्रींकडून एका कागदावर कोणत्या तारा केव्हा बदलल्या, कोणत्या जुन्याच आहेत, हे लिहून घेतले, खाली त्यांचा आणि आमचा फोन क्रमांक घातला, आणि तो दुरुस्तीच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून शिवून टाकला. शिवण्याची युक्ती सूनबाईंची. डिंकाने चिकटवलेला कागद कोणीही उपटू शकतो, असे त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात, रथ अजून अंगणात उभा असताना, एका गॅरेजवाल्याने किलोमीटरचा काटा मागे फिरवून देण्याची आणि धूर दबावा म्हणून जाड तेल घालण्याची तयारी दाखवली होती. हे दोन्ही उद्योग आपल्याकडे सर्रास चालतात. आमच्या मिस्त्रींचे मत असे की, गाडी देण्यापूर्वी रंगरंगोटीवर पैसा घालणेही व्यर्थ. तो किमतीतून परत येत नाही. साधी सर्व्हिसिंग, विजेरी ठीक, आतून-बाहेरून धुणे, इतके पुरे. आणि धुताना इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नये. आमच्या गाडीला तर आणखी पाणी नकोच होते.

शुक्रवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, रथ अंगणातून निघाला. पेटीवाल्यांनी सवयीने टाळ घेतले होते; काय म्हणावे ते सुचेना, म्हणून त्यांनी ते पुन्हा पिशवीत ठेवले. आत काही नव्हते. बारा बाके, धुतलेली सतरंजी, आणि पुढच्या फळीवर गणपतीएवढा काळा ठिपका. १२ ऑक्टोबरला नवी गाडी आली, टेकडीच्या गणपतीपुढे नारळ वाढवला, जमिनीवर. कमी पडलेले पंचेचाळीस हजार हप्त्यांत गेले; ते आम्ही पुढील वर्षाच्या बिदाग्यांतून फेडावे, असे मंडळींनी नाही, आम्हीच ठरवले. आजींचे पाचशे वेगळे काढून ठेवले होते, ते त्यांनी परत केले.

हस्तांतर झाल्याचा संदेश डिसेंबरात आला. पौषात एका संध्याकाळी भंडारा जिल्ह्यातून फोन आला. आवाज अनोळखी, वयाने तरुण. आमचे नाव वहीच्या पुठ्ठ्यात सापडले, म्हणाला. लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी घेतली आहे, पुढचा डावा दिवा मधूनमधून मंदावतो, कागदावर ‘जुनीच’ असे लिहिलेली तार नेमकी कोणती, हे त्याला विचारायचे होते. आम्हांला त्यातले काय कळणार? मिस्त्रींचा क्रमांक कागदावरच होता, पण तो लागत नव्हता; आम्ही त्यांच्या मुलाचा दिला. त्या रविवारी तो गाडी घेऊन नागपुरात आला. मिस्त्रींनी डाव्या बाजूचा सारा जुडगा बदलला, आणि पैसे त्याच्याकडूनच घेतले.